मेकअप आधी तेलाने काढावा की थेट फेसवॉशने? दोघी बहिणींचा जुना वाद

अर्धी_झोप :

माझी मोठी बहीण आणि मी एकाच घरात राहतो, एकच बेसिन वापरतो आणि कामाच्या स्वरूपामुळे दोघींनाही आठवड्यातून पाच दिवस पूर्ण मेकअप करावा लागतो. रात्री तो उतरवायचा कसा, याबाबत मात्र आमचे आजवर एकदाही एकमत झालेले नाही. ताई घरात आल्या आल्या, पर्सही जागेवर न ठेवता, कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल लावते, ते धुऊन टाकते आणि मग पुन्हा फेसवॉशने चेहरा धुते. मी झोपण्यापूर्वी थेट फेसवॉश लावते, समाधान झाले नाही तर दुसऱ्यांदा लावते, आणि गालावरून बोट फिरवल्यावर करकर आवाज येईपर्यंत थांबत नाही. ज्या रात्री फार थकलेली असते, त्या रात्री ओल्या वाइप्सनी चेहरा पुसून तशीच झोपते, हेही कबूल करते.

अडचण अशी आहे की, माझ्या पद्धतीने चेहरा धुतल्यावर पाचच मिनिटांत कातडी ओढल्यासारखी वाटू लागते, आणि तरीही सकाळी उशीच्या अभ्र्यावर मस्काऱ्याची करडी चंद्रकोर उमटलेली असते. म्हणजे माझा चेहरा गरजेपेक्षा जास्तही धुतला जातो आणि कमीही. ताई म्हणते की तेलाशिवाय मेकअप निघतच नाही. माझे म्हणणे असे की, जे काढून टाकायला पुन्हा फेसवॉश लागतो, ते मुळात चेहऱ्यावर थापायचेच कशाला? शिवाय ती सकाळी फक्त पाण्याने तोंड धुते, जे मला आळशीपणाचे वाटते आणि तिला शहाणपणाचे. जाणकारांनी कृपया आपली पद्धत कारणांसह सांगावी. नुसते ‘मला हे जमते’ एवढ्याने आमचा वाद मिटणार नाही.

सामू_सात :

मी साबण आणि क्लेन्झर यांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे थोडे रसायनशास्त्र सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ‘जास्तही आणि कमीही’ हे तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि त्यात विसंगती काहीच नाही. पाण्याला दाद न देणारा मस्कारा हा मेण, रंगद्रव्ये आणि पापणीच्या केसावर घट्ट बसणारी बहुवारिकांची (पॉलिमरची) पातळ फीत यांचा बनलेला असतो. तो पाण्याने, घामाने किंवा अश्रूंनी निघू नये अशीच त्याची घडण असते. फेसवॉशमधल्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढले जाते, आणि त्यामुळे तो सैल तेलकटपणा उचलून पाण्याबरोबर वाहून नेतो; पण भरपूर पाण्यात पातळ झालेल्या फेसाने अर्ध्या मिनिटात मेणाची ती पक्की फीत सुटत नाही. ती सुटत नाही म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा फेस करता, आणि तो फेस जे सहज निघते ते काढतो, म्हणजे तुमच्या गालांवरचे स्वतःचे स्निग्ध द्रव्य. मस्कारा जागेवर राहतो आणि गाल कोरडे पडतात.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात चपट्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सिरॅमाइड (त्वचेतला एक स्निग्ध पदार्थ), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा गिलावा असतो. हा गिलावा निघाला की आतले पाणी बाहेर निसटू लागते आणि कातडी ताणल्यासारखी वाटते. ज्या करकर आवाजाला तुम्ही स्वच्छतेची पावती समजता, तो प्रत्यक्षात वंगण संपल्याचा आवाज आहे. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर पारंपरिक साबणाच्या वडीचा ९ ते १० च्या आसपास असतो. तुमचा फेसवॉश साबणावर आधारलेला असेल, तर दोनदा धुण्याचा त्रास आणखी वाढतो. पाणी कठीण, म्हणजे क्षारयुक्त असेल, तर त्यातले कॅल्शियम आणि साबण मिळून न विरघळणारा पांढरा साका तयार होतो आणि तोही चेहऱ्यावर राहतो.

तेल तेलात विरघळते, एवढ्यापुरती तुमची ताई बरोबर आहे. तिची एक सवय तर अनेकांना सांगूनही पटत नाही, ती म्हणजे कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर तेल लावणे. चेहरा आधीच ओला असेल, तर तेल मेकअपपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे पाण्याशी मिश्रण होऊ लागते आणि त्याची निम्मी ताकद वाया जाते. मेकअप सैल झाला की हात ओले करून पुन्हा चोळावे. तेल दुधासारखे पांढरे झाले, की मगच धुवावे. ही दुधाळ अवस्था येण्याआधी धुतले, तर तेलाचा थर मागे राहतो आणि मग त्याचा दोष तेलाला दिला जातो.

पडदा_पडल्यावर :

वरचे सगळे मान्य आहे, पण डोळ्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. रंगमंचासाठी चेहरे रंगवणे आणि प्रयोग संपल्यावर ते उतरवून देणे हे माझे रोजचे काम आहे, आणि मला सर्वांत जास्त चुका पापण्यांवर झालेल्या दिसतात. पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी एक आहे आणि लोक नेमकी तीच फरशी पुसल्यासारखी आडवी घासतात.

माझी पद्धत अशी आहे. कापसाचा गोल रिमूव्हरने पूर्ण भिजवून मिटलेल्या डोळ्यावर ठेवावा आणि मनात तीस अंक मोजेपर्यंत त्याला हातही लावू नये. तीस अंक बरेच लांब वाटतात, आणि बहुतेक जण दहावरच घाई करतात. त्यानंतर कापूस किंचित दाबून, पापणीच्या केसांच्या दिशेने, वरून खाली एकदाच ओढावा. कापसावर केसांची उभी काळी रांग जशीच्या तशी उमटली, तर मस्कारा नीट विरघळला आहे. काळा डाग नुसता फासला गेला, तर कापूस अजून थोडा वेळ ठेवायला हवा होता. पापणीच्या मुळाशी उरलेली आयलायनरची रेघ भिजवलेल्या कापसाच्या काडीने टिपावी. डोळे आणि ओठ आधी आटपून मगच बाकीचा चेहरा धुवावा, अन्यथा काळा रंग गालभर पसरतो.

आपला मस्कारा कोणत्या जातीचा आहे, हेही एकदा पाहून घ्यावे. काही मस्कारे प्रत्येक केसाभोवती नळीसारखे आवरण तयार करतात. ते कोमट पाणी आणि हलका दाब एवढ्यानेच बारीक दोऱ्यांसारखे सुटून येतात, आणि त्यांच्यावर तेल ओतण्यात काही अर्थ नसतो. याउलट रंगमंचावरचा जाड रंग फेसवॉशने काढायला निघालेला नवखा कलाकार शेवटी लालबुंद गाल घेऊन घरी जातो.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण तेलाने चेहरा धुणे म्हणजे समाजमाध्यमांवरचे नवे खूळ आहे असे अनेकांना वाटते. मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेल्या कोल्ड क्रीमचे श्रेय दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन यांना दिले जाते, आणि रंगभूमीवरील लोक पिढ्यान्‌पिढ्या कोल्ड क्रीमनेच रंग उतरवत आले आहेत. आजच्या स्वरूपातले क्लेन्झिंग ऑइल जपानी मेकअपतज्ज्ञ शु उएमुरा यांनी १९६७ मध्ये बाजारात आणले.

पुरळ_आणि_मी :

तेलाची एवढी स्तुती वाचून मला थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. मला बारावीपासून मुरूम आहेत आणि ‘तेलाने तेल निघते’ हे वाक्य ऐकून मी एकदा बाटलीतले साधे तेल चेहऱ्यावर चोळून, गरम पाण्यात पिळलेल्या रुमालाने पुसायला सुरुवात केली होती. तिसऱ्या आठवड्यात कपाळावर आणि जबड्याच्या कडेने बारीक, बंद तोंडाचे फोड उठले आणि ते जायला दोन महिने लागले. तेव्हापासून मी मायसेलर वॉटर वापरते. त्यात क्लेन्झरचे रेणू अत्यल्प प्रमाणात असून ते गोळ्यांसारखे एकत्र आलेले असतात, तेलकट टोके आत आणि पाण्याकडची टोके बाहेर. कापसावर घेतले की ते मळ आणि हलका मेकअप ओढून घेतात. बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असे लिहिलेले असले, तरी मी त्यानंतर सौम्य फेसवॉशने चेहरा धुते, कारण क्लेन्झर त्वचेवर रात्रभर ठेवणे मला पटत नाही. जड फाउंडेशन मात्र त्याने निघायला चार-पाच कापूस लागतात आणि तेवढी घासाघीस माझ्या मुरमांना सोसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

किती वेळा धुवावे याबद्दल २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. त्यात मुरूम असलेल्या पुरुषांना दिवसातून एकदा, दोनदा किंवा चारदा चेहरा धुण्यास सांगितले होते, आणि दोनदा धुणाऱ्यांचा अनुभव त्यातल्या त्यात बरा होता. चारदा धुऊन जास्तीचा फायदा झाला नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर, कोमट पाण्याने आणि बोटांच्या टोकांनी धुण्याचाच सल्ला देते. मी स्वतः सकाळीही फेसवॉश लावते, कारण माझी त्वचा रात्रीत तेलकट होते. तुमच्या ताईंची त्वचा कोरडी असेल, तर त्यांना सकाळी नुसते पाणी पुरत असेल. त्यात आळस कसला?

सामू_सात :

@पुरळ_आणि_मी, तुमचा अनुभव खरा आहे, पण आरोपी चुकला आहे असे मला वाटते. साध्या तेलात आणि क्लेन्झिंग ऑइलमध्ये इमल्सिफायरचा फरक असतो. तेलाला पाण्यात मिसळायला लावणारा हा घटक बाटलीतल्या साध्या तेलात नसल्यामुळे ते कितीही पुसले तरी एक थर राहतोच. तरीही एवढे मान्य करतो की, मुरूम असलेल्या व्यक्तीने कोणतेही नवे तेल सरसकट पूर्ण चेहऱ्यावर न लावता, आठवडाभर जबड्याजवळ थोड्याशा जागेवर लावून पाहणे सुरक्षित आहे. ही सूचना मी आधीच द्यायला हवी होती.

दाढी_आणि_उन्ह :

मी मेकअप करत नाही, फक्त रोज सनस्क्रीन लावतो. मलाही हे दोन टप्पे करावे लागतील का?

सामू_सात :

साधे सनस्क्रीन सौम्य फेसवॉशने एकदाच नीट धुतले तरी निघते. पोहणाऱ्यांसाठीचे, पाण्यात टिकणारे सनस्क्रीन असेल किंवा झिंक ऑक्साइडचा पांढरा थर दाढीच्या केसांत अडकत असेल, तर आधी तेल लावणे सोयीचे जाते. दाढीच्या मुळांपर्यंत बोटे पोहोचवायला मात्र विसरू नका.

भिंग_आणि_तक्ता :

मी डोळ्यांच्या तपासणीचे काम करते आणि मूळ प्रश्नातल्या उशीवरच्या चंद्रकोरीकडे मला लक्ष वेधायचे आहे. जो मस्कारा अभ्र्यावर उतरतो, त्यातला काही भाग डोळ्यातही उतरतो. पापणीच्या कडेवर, केसांच्या रांगेच्या अगदी मागे, मायबोमियन ग्रंथींची तोंडे असतात. त्यांतून येणारे तेल अश्रूंच्या थरावर पसरते आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. ही तोंडे मेकअपने बुजली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि पापण्यांची कड सुजते. २०१८ मध्ये नेत्रविकारांच्या एका नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली होती. पंचवीसेक वर्षे मस्कारा नीट न काढल्यामुळे तिच्या वरच्या पापण्यांच्या आत काळे, कठीण कण रुतून बसले होते आणि ते शस्त्रक्रियेने काढावे लागले. हे टोकाचे उदाहरण आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण उलटलेल्या पापणीखाली काळी ठिपके-ठिपके असलेली रेघ मला तपासणीत अधूनमधून दिसते, आणि ती व्यक्ती ‘मी रोज धुते’ असेच सांगते.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर मेकअप काढण्याआधी लेन्स काढा, कारण रिमूव्हरचे तेल लेन्सवर बसले की दृष्टी धूसर होते. वाइप्सबद्दलही थोडे सांगते. वाइपने मेकअप निघण्यापेक्षा पसरतो जास्त, शिवाय त्यातले क्लेन्झर आणि परिरक्षक (वाइप्स खराब होऊ न देणारी द्रव्ये) त्वचेवर तसेच राहतात. वाइप्समध्ये पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाला अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ संघटनेने २०१३ साली ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले होते, आणि युरोपीय संघाने पुढे न धुता त्वचेवर ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. वाइप वापरावाच लागला, तर नंतर निदान पाण्याने चेहरा धुवा.

अर्धी_झोप :

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस प्रयोग करून मगच लिहिते आहे. पहिल्या रात्री मी सवयीने ओल्या चेहऱ्यावर तेल लावले, सगळे घसरून मानेपर्यंत आले आणि ताई दारात उभी राहून हसत होती. दुसऱ्या दिवसापासून कोरड्या हातांनी लावले, दुधाळ होईपर्यंत थांबले आणि नंतर फेसवॉश एकदाच वापरला. गालांचे ओढले जाणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले. डोळ्यांवर कापूस ठेवून तीस मोजते, पण विसाच्या पुढे धीर सुटतो, हे खरे. अभ्रा बदलला आहे आणि नव्यावर अजून चंद्रकोर उमटलेली नाही. मायसेलर वॉटरची बाटली मी बिछान्याशेजारी ठेवली आहे, थकलेल्या रात्री वाइप्सऐवजी. त्यानंतर बेसिनपर्यंत जायचा कंटाळा येतोच, पण जाते.

भिंग_आणि_तक्ता यांचा प्रतिसाद मी ताईला मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यात एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. ताई इतकी वर्षे लेन्स डोळ्यांत ठेवूनच तेलाने मेकअप काढत होती आणि रात्री टीव्ही धूसर दिसतो म्हणून चष्म्याचा नंबर वाढल्याची तक्रार करत होती. आता तिने बेसिनवर लेन्सची डबी तेलाच्या बाटलीच्या पुढे ठेवली आहे. सकाळच्या पाण्याबद्दल मात्र ती जिंकली आहे, असे तिने मला लिहायला सांगितले आहे.