दुसरा ऑसिलेटर कशाला? पल्स-विड्थ मॉड्युलेशन (पीडब्ल्यूएम) पुरतं!

परभणीचा सोल्डरवाला:
घरी सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्य) बांधतोय आणि दुसरा व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे सूर काढणारा ऑसिलेटर, टाकणार नाही. पल्सची विड्थ (चौकोनी लहर एका फेरीत किती वेळ वर राहते तो वाटा) एलएफओने, म्हणजे अगदी संथ ऑसिलेटरने, हलवली की एकाच ऑसिलेटरमधून दोन वाजल्यासारखा भरीव आवाज येतो. हा नुसता भास नाही. पल्स म्हणजे एकमेकींपासून सरकलेल्या दोन सॉटूथची (करवतीच्या दातांसारख्या लहरींची) वजाबाकी. विड्थ बदलत असताना त्यातली एक सरकत राहते, म्हणजे तेवढ्यापुरती तिची फ्रिक्वेन्सी वेगळी होते. खर्च किती? एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप), चार रेझिस्टर. रोलँडच्या ज्युनो-60 सिंथमध्ये (1982) प्रत्येक व्हॉइसला (एका वेळी वाजणाऱ्या प्रत्येक सुराला), खालच्या सप्तकाचा जोड देणारा सब सोडला तर, एकच ऑसिलेटर होता.
शिवाय आमचा उन्हाळा! पत्र्याखाली दोन व्हीसीओ सारखे तापत नाहीत. टेम्पको (तापमानाची चूक भरून काढणारा रेझिस्टर) नसेल तर दहा अंश तापल्यावर सप्तक जवळपास 40 सेंटने आक्रसतं (100 सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर).

तुळजापूरचा पेटीवाला:
नाही पटत, दादा. सप्त्यात दोन पेट्या एकदम वाजतात तेव्हा वरच्या सुरांत लहरा जलद होतात, खाली संथ. तुमच्या पीडब्ल्यूएममध्ये तसं होत नाही. हिशोब करा: एलएफओ 0.5 हर्ट्‌झचा त्रिकोणी, विड्थ 50 ते 90 टक्के, म्हणजे सेकंदाला 40 टक्के सरकते. फरक पडतो 0.4 हर्ट्‌झ, सूर कुठलाही असो. 55 हर्ट्‌झच्या बेसवर ते साडेबारा सेंट, बेस सरळ आंबट लागतो. 880 वर एक सेंटही नाही, तिथे आवाज पातळच. आणि उन्हाचं म्हणाल तर एकटा ऑसिलेटरही पेटीशी बेसूर होणारच. टेम्पको लागणारच आहे, मग दुसरा का नको?

लातूरकर:
मी पीडब्ल्यूएमच्या बाजूचा. विड्थ 50 टक्क्यांवरून जाताना सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट अशा सम पटींचे उपसूर) गळतात, आवाज क्षणभर पोकळ होतो आणि पुन्हा भरतो. दोन सॉटूथ मिसळून ती पोकळी येत नाही.

परभणीचा सोल्डरवाला:
टेम्पकोचं मान्य, लावतो. बेस आंबट होतो हेही खरं, परवा ऐकलंय. पण त्यावर इलाज आहे: कीबोर्डचं व्होल्टेज एलएफओलाही द्यायचं. सूर चढला की त्याची गतीही तेवढीच चढेल.

तुळजापूरचा पेटीवाला:
म्हणजे एलएफओलाही एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर (व्होल्टेज ठरावीक वाढलं की गती दुप्पट करणारं सर्किट) आला, तोही तापणारच!

परभणीचा सोल्डरवाला:
तापू द्या. एलएफओची गती 40 सेंटने चुकली तर कानाला कळत नाही. ऑसिलेटर चुकला तर अख्खं भजन थांबतं.