घरबसल्या लिंका टाकून दीड लाख? एकदा हिशेब तरी दाखवा

त्रस्त_त्र्यंबक:
काल इथे 'नोकरीला रामराम, लिंका टाका, महिना दीड लाख कमवा' असा एक धागा येऊन गेला. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं: ॲफिलिएटला (आपल्या लिंकेवरून कोणी वस्तू घेतली की आपल्याला कमिशन) भांडवल लागत नाही, माल भरावा लागत नाही, गिऱ्हाइकाचं तोंड बघावं लागत नाही. रोज दोन तास दिले की सहा महिन्यांत पगार मागे पडतो. मराठी माणूस घाबरट म्हणून मागे. आणि शेवटी तळटीप: 'इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.'

केला मी व्यनि. पाच मिनिटांत ४,९९९ रुपयांच्या कोर्सची लिंक आली. लिंकेच्या शेपटाला त्यांचाच कोड. म्हणजे गृहस्थ दीड लाख कशातून कमावतात ते कळलं.

चिडलोय एवढ्यासाठी की हा उद्योग मी स्वतः सहा वर्षं केलाय. २०१७ ते २०२३, मोबाइलचा ब्लॉग. मोबाइलवर कमिशन टक्क्याच्या आसपास, म्हणजे पंधरा हजारांचा फोन खपला की दीडशे रुपये. या दराने दीड लाख म्हणजे महिन्याला हजार फोन. शंभर जणांनी लिंकवर टिचकी मारली तर घेणार दोन-तीन, म्हणजे पस्तीस ते पन्नास हजार टिचक्या हव्यात. बरं, फोन परत केला की कमिशनही परत. ॲमेझॉनचा नियम २४ तासांचा: टिचकी मारल्यापासून तेवढ्यात घेतलं तरच कमिशन. आपला माणूस आधी लेख वाचतो, मग मेहुण्याला विचारतो, मग पगाराची वाट बघतो आणि सहाव्या दिवशी घेतो. तोवर आपल्या लिंकेचं तेरावं झालेलं असतं.

माझा सगळ्यात चांगला महिना दिवाळीचा, ११,४०० रुपये. त्याच्या पुढचा महिना १,९००. शेवटी सर्च इंजिनच्या एका अपडेटमध्ये वाचक एक चतुर्थांशावर आले आणि मी शटर ओढलं.

धंदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. हे किराणा दुकान आहे, उधारी नाही एवढंच सुख. पण किराणा दुकानाला कोणी 'निष्क्रिय उत्पन्न', म्हणजे बसल्या जागी येणारे पैसे, म्हणत नाही हो!

वऱ्हाडी_ठसका:
काय सांगून राहिले भाऊ तुम्ही? तुमचं दुकान बसलं म्हणून अख्खा बाजार उठला का? मोबाइल निवडले तिथंच गणित चुकलं. वेबसाइटचं होस्टिंग, शेअरचं डिमॅट खातं, क्रेडिट कार्ड, यात एका गिऱ्हाइकामागं रुपये शेकड्यानं, कधी हजारानं भेटतात. आणि २४ तासांचं अर्धंच सांगितलं तुम्ही. त्या २४ तासांत माणसानं वस्तू कार्टात टाकून ठेवली तर ९० दिवस धरतात. सहा वर्षं काम केलं म्हणता अन् हे नाही माहीत?

मी पण कोर्स घेतला होता. सात महिन्यांत वसूल झाला.

त्रस्त_त्र्यंबक:
कार्टचं मान्य, लिहायचं राहिलं. टाळ्या.
आता सांगा, वसूल कशातून झाला?

वऱ्हाडी_ठसका:
झाला ना. कशातून का होईना.

त्रस्त_त्र्यंबक:
कशातून?

वऱ्हाडी_ठसका:
कोर्सच्या कमिशनातूनच. सहा जणांना दिला. त्यातले दोघं नात्यातले. पण शिकवतात ते खोटं नाही राजेहो, मी आज दुसऱ्या लिंका पण टाकतो.

त्रस्त_त्र्यंबक:
आणि त्या सहांनी वसूल केला का?

पाट्यावरची_चटणी:
(शेंगदाणे घेऊन बसले आहे.)

सीए_सुटीवर:
सुटीवर आहे, पण राहवत नाही. नवीन माणूस जोडल्याबद्दल वरच्याला पैसे, अशा पिरॅमिडला डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांत बंदी आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवरचा कायदा तर १९७८ चा आहे. मध्ये एक कोर्स ठेवला की यातून सुटका होते का, हा वकिलाच्या फीचा प्रश्न. मी फक्त एवढंच बघतो की विकत घेणाऱ्याला तो कोर्स पुढे विकायची सोय नसती, तर त्याने घेतला असता का.

डिमॅटच्या लिंका टाकणाऱ्यांनीही जरा जपून. सोबत 'हा शेअर उचला' असं सांगणाऱ्या बिननोंदणीच्या मंडळींशी ब्रोकरांनी संबंध ठेवू नयेत असा नियम शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये केला आहे.

आणि कोणी विचारायच्या आत: हो, कर लागतो. कमिशनवरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ चा २ टक्के झाला. लोकांना वाटतं तो कापला की विषय संपला. तो आगाऊ कापलेला तुकडा आहे, उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचंच असतं. वर छोट्या धंद्यांना नफा ढोबळ टक्क्याने दाखवायची जी सवलत आहे, ती कमिशनच्या उत्पन्नाला मिळत नाही. म्हणजे खर्चाच्या पावत्या ठेवा. दरवर्षी जुलैत एक तरी मुलगा येतो, 'सर, मोबाइल ॲपवाल्याने सांगितलं की चालतं.' जीएसटीची काळजी वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेल्यावर करा. इथल्या आकड्यांवरून तो दिवस लांब दिसतो.

नवा_गडी:
नमस्कार. मला खरंच सुरुवात करायची आहे. बीकॉम झालंय, गावी आहे, नेट बरं चालतं. कुठून सुरू करू? कोर्स नको.

दळणवाली:
त्र्यंबकराव, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो तुमच्या मालाचा आहे. मी सांगलीची. २०२१ पासून स्वयंपाकघरातल्या यंत्रांचे व्हिडिओ करते. पहिल्या सात महिन्यांत मिळाले ३१२ रुपये. नवरा म्हणाला, यापेक्षा रद्दीचे जास्त येतात. आज महिन्याची सरासरी नऊ हजारांच्या आसपास आहे, त्यातले निम्मे गणपती ते दिवाळी. नोकरी सुटेल इतके नाहीत, पण मुलीची फी निघते. आणि हे नऊ हजार मी कोणाला काही गळ्यात मारून मिळवलेले नाहीत. सगळ्यात जास्त चालतो तो 'घरघंटी (घरगुती पिठाची चक्की) घ्यावी की नको' हा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. त्यात 'दोन माणसांच्या घराने घेऊ नये' असंही सांगितलंय.

चक्कीवाल्याचा_पोर:
घरघंटी!! ताई, आता विषय काढलाच आहात म्हणून बोलतो. घरघंटीत दळण होत नाही, दाण्याला मारहाण होते. आत पाती फिरतात आणि दाणा जाळीतून बाहेर पडेपर्यंत ठोकला जातो. माझ्या वडिलांची चक्की चौतीस वर्षं होती, दगडाची. दर आठवड्याला दगडाला टाकी लावायचे, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायचे. घरोघर ही कपाटं आली आणि २०१९ ला चक्की बंद झाली. तुम्ही कमिशनसाठी लोकांना काय विकताय याची कल्पना आहे का? त्या पिठाची ज्वारीची भाकरी थापून दाखवा, कडेला चिरा पडतात.

दळणवाली:
चिरा घरघंटीमुळे पडत नाहीत हो, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेल्यामुळे पडतात. चक्कीवरून पाच किलो एकदम आणायचं आणि महिनाभर डब्यात ठेवायचं, मग विरी जाणार नाही तर काय? घरघंटीत मी दोन दिवसांपुरतंच दळते. जाळी बारीक लावायची, ज्वारी आधी उन्हात घालायची. ओलसर दाणा टाकलात तर जाळी बुजते, आणि शेंगदाणा-सोयाबीन घालणाऱ्याने माझ्याकडे तक्रार आणू नये. हे सगळं व्हिडिओत आहे.

पाट्यावरची_चटणी:
विरीबद्दल +१. आजी जुन्या पिठाला उकळतं पाणी घालायची आणि चक्कीवाल्याला शिव्या.

चक्कीवाल्याचा_पोर:
शिव्या चक्कीवाल्यालाच का? आधीच्या बाईने हरभरा दळला आणि नंतरच्या दळणात थोडी डाळ आली तर तो चक्कीचा दोष? पहिली मूठ बाजूला काढा म्हणून वडील ओरडून सांगायचे.

जर्सीकर:
इथे न्यू जर्सीत घरघंटी कुरिअरने मागवायला जवळजवळ भारतात जायच्या तिकिटाएवढा खर्च येतो, तरी आमच्या मंडळात तिघांकडे आहे. आवाजामुळे रविवारी सकाळी आठच्या आधी लावायची नाही, असा शेजारधर्म.

त्रस्त_त्र्यंबक:
मंडळी, धागा ॲफिलिएटचा आहे.

चक्कीवाल्याचा_पोर:
ॲफिलिएटचंच बोलतोय. ताई, एकच सरळ प्रश्न. तुमच्या स्वतःच्या घरी घरघंटी आहे?

दळणवाली:
जाऊबाईंकडे आहे.

चक्कीवाल्याचा_पोर:
झालं!

त्रस्त_त्र्यंबक:
थांबा, थांबा. चाळीस मिनिटं ज्या यंत्रावर बोलता ते तुमच्याकडे नाहीच? ताई, आतापर्यंत मी तुमच्या बाजूने होतो. या धंद्याची बदनामी नेमकी इथेच होते. न वापरलेल्या वस्तूंचे 'टॉप टेन' काढायचे, कंपनीच्या पानावरचं वर्णन खाली-वर करायचं आणि खाली लिंक चिकटवायची. माझ्या शेवटच्या दिवसांत असे ब्लॉग पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले होते.

दळणवाली:
झाला आरडाओरडा? आता ऐका. जाऊ खालच्या मजल्यावर राहते. एकाच दारातलं घर, एकाच जिन्याची झाडलोट. सहा महिने दोन्ही घरांचं दळण मी दळलंय, गव्हापासून नाचणीपर्यंत, किलोला किती मिनिटं लागतात ते वहीत लिहून. यंत्र माझ्या नावावर नाही हे पहिल्याच मिनिटाला सांगितलंय. तुमच्या ब्लॉगवरचे सगळे मोबाइल तुम्ही विकत घेतले होते का? खरं सांगा.

त्रस्त_त्र्यंबक:
...काही दुकानात हाताळलेले.

दळणवाली:
दुकानात. हाताळलेले. बरं.

वऱ्हाडी_ठसका:
😂 अन् मला विचारत होते, कशातून वसूल झाला म्हणून.

जर्सीकर:
ताई, लिंकवर कमिशन मिळतं हे सांगितलंय का? इकडे ते न सांगणं फार महागात पडतं. भारतातही जाहिरात मानक परिषदेची नियमावली जून २०२१ पासून आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक विभागानेही सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा सापडलात तर पन्नास.

दळणवाली:
वर्णनात लिहिलंय, लिंकांच्या वर.

जर्सीकर:
वर्णनात खाली दडवलेलं पुरत नाही. बघणाऱ्याला सहज दिसेल-ऐकू येईल असं हवं.

दळणवाली:
दडवलेलं नाही. पण ठीक आहे, पुढच्या व्हिडिओपासून तोंडाने सांगते, 'माझ्या लिंकेवरून घेतलंत तर मला चार पैसे मिळतात.' आमच्याकडच्या बायकांना ते ऐकून बरंच वाटेल. मागे एकीने खाली लिहिलं होतं, 'ताई, एवढं समजावून सांगता, तुम्हाला काही मिळतं की नाही?'

नवा_गडी:
माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का?

दळणवाली:
बघते रे. घरात, शेतात, शेजारी जे आहे त्यावर सुरू कर. तुमच्याकडे फवारणीचा पंप असेल, झटका मशीन (जनावरं अडवायला कुंपणात वीज सोडणारं) असेल, त्यावर मराठीत धड माहिती मिळत नाही. हातात घेऊन दाखव, काय मोडतं ते सांग. पॅन आणि बँक खातं तयार ठेव. ॲमेझॉनवर पहिल्या १८० दिवसांत तीन विक्र्या व्हाव्या लागतात, नाहीतर पुन्हा अर्ज, म्हणून पाच-दहा व्हिडिओ झाल्यावरच नोंदणी कर. स्वतःच्या लिंकेवरून स्वतः काही घेऊ नकोस, ते चालत नाही. माझ्या भावाने हौसेने असा मिक्सर घेतला आणि खातं गेलं. आणि वर्षभर या पैशावर कसलाही हप्ता ठरवू नकोस.

त्रस्त_त्र्यंबक:
बरोबर. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या वाचकांवर विसंबून बसू नकोस हेही जोड. मी सगळी अंडी सर्चच्या टोपलीत ठेवली होती.

वऱ्हाडी_ठसका:
हे सगळं कोर्समध्ये पण आहे बरं का.

त्रस्त_त्र्यंबक:
ताईंनी दहा ओळींत फुकट दिलं.

वऱ्हाडी_ठसका:
बरं, मानलं. पुढच्याला कोर्स देताना ही ओळ आधी ऐकवतो, वसुली लिंकांतून झाली नाही म्हणून. घेईल तर घेईल. आणि तुम्ही पण माना की मी खोटं बोललो नाही.

त्रस्त_त्र्यंबक:
दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं बोललात. मानलं.

चक्कीवाल्याचा_पोर:
सगळं जमलं तुमचं, पण दगडाच्या पिठाचं काय? नवीन घरघंट्यांत दगडही येतो म्हणतात. त्याला टाकी कोण लावणार, कंपनीचा माणूस?

पाट्यावरची_चटणी:
आता मीही कबूल करते. ताईंचा व्हिडिओ मागच्या महिन्यात पाहिला होता, पूर्ण चाळीस मिनिटं, दोनदा. त्यावरूनच घेतली. पण लिंकेवरून नाही, गावातल्या दुकानातून. घासाघीस करून नऊशे कमी केले, वर दोन जास्तीच्या जाळ्या दिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर उचलून आणली. यंत्र चाळीस-एक किलोचं आहे.

दळणवाली:
म्हणजे समजावून मी सांगितलं आणि नफा दुकानदाराचा.

त्रस्त_त्र्यंबक:
हेच मी धाग्याच्या पहिल्या...

चक्कीवाल्याचा_पोर:
ते राहू द्या. चटणीबाई, नाचणी कुठल्या जाळीवर दळता? आणि गरम होतं का पीठ?

पाट्यावरची_चटणी:
सगळ्यात बारीकवर. होतं थोडं कोमट. परातीत पसरून ठेवते.

चक्कीवाल्याचा_पोर:
हं. आमचंही व्हायचं.