स्वस्त रेड डॉटचा ठिपका जागेवर का राहत नाही?

तिलकनगरवासी, इंदूर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ५७ असून गेली नऊ वर्षे मी हौस म्हणून १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करीत आहे. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा खुंट) स्पष्ट दिसेनाशी झाली. माशी पाहावी तर टार्गेट पुसट होते आणि टार्गेट पाहावे तर माशी नाहीशी होते. हा त्रास टाळण्यासाठी दिवाळीनंतर २,८०० रुपयांची एक उघडी रेड डॉट साइट (काचेत नेमासाठी लाल ठिपका दाखवणारे उपकरण) ऑनलाइन मागवली. तिची काच २२ गुणिले ३३ मिलिमीटरची आहे आणि ठिपका ३ एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) असल्याचे खोक्यावर छापलेले आहे.

माझे पिस्तूल पीसीपी प्रकारचे (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारे) असून त्यावर साइट बसवायची ११ मिलिमीटरची रेल आहे. साइटची पकड मात्र रुंद रेलसाठी बनवलेली असल्याने मध्ये एक अडॅप्टर बसवावा लागला. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून साध्या साइटने माझ्या पाच छऱ्यांचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) साधारण १२ मिलिमीटरचा येत असे. तोच या साइटवर ३० मिलिमीटरपर्यंत पसरतो. त्यातही भर म्हणजे आज मध्यावर आणलेला ग्रुप दोन दिवसांनी पेटीतून पिस्तूल काढताच उजवीकडे सरकलेला असतो. ठिपकाही गोल न दिसता स्वल्पविरामासारखा शेपटी फुटलेला दिसतो. विक्रेत्याने वस्तू परत घेण्यास नकार दिला आहे. ही साइट सुधारता येईल, की २,८०० रुपये पाण्यात गेले असे समजावे?

महूनाका

आपण तीन तक्रारी एकत्र सांगितल्या आहेत, परंतु त्यांची कारणे वेगवेगळी असण्याचा संभव अधिक आहे, आणि ती एकाच वेळी शोधू गेल्यास मीही पूर्वी असाच अडकलो होतो तसे आपणही अडकाल. पीसीपीला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे साइट आतून खिळखिळी झाली असेल असे मला वाटत नाही. पिस्तूल स्प्रिंगचे असते तर गोष्ट निराळी होती, कारण त्यात पिस्टनमुळे आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका बसतो आणि स्वस्त साइट त्यापुढे फार काळ टिकत नाहीत.

ग्रुप जागा बदलतो याचा पहिला संशय मी अडॅप्टरवर घेईन. साइट आणि रेल यांच्यामध्ये आपण एकाऐवजी दोन जोड निर्माण केले आहेत, आणि पेटीतल्या स्पंजचा दाब बाजूने पडला तरी त्यांपैकी एखादा केसभर हलू शकतो. शक्य असल्यास थेट ११ मिलिमीटरची पकड मिळवावी. ते जमले नाही तर स्क्रू काढून स्पिरिटने तेल पुसावे, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एकेक थेंब लावावा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. सियागंजात हार्डवेअरच्या कोणत्याही बऱ्या दुकानात तो मिळतो. लाल थ्रेडलॉकर मात्र लावू नये. पुढे स्क्रू सोडवताना त्याचे डोकेच झिजून जाते.

दुसरी गोष्ट अशी, की आपल्या साइटवर डावे-उजवे आणि वर-खाली करण्याच्या स्क्रूंखेरीज त्यांना जखडणारे बारीक अ‍ॅलन स्क्रू असतील. या स्वस्त घडणीत ते असतातच. ते सैल न करता आपण क्लिक (स्क्रूचे एकेक टप्पे) फिरवले असतील तर ठिपका हलत नाही किंवा उशिरा उडी मारून हलतो, आणि शेवटी ते आवळताना आधी जमवलेले झिरो (नेम धरू तिथेच छरा लागेल अशी जुळणी) पुन्हा बिघडते. म्हणून ते आवळल्यानंतर पुन्हा पाच छरे मारून पाहणे आवश्यक आहे.

एवढे झाल्यावर चौकोनाची परीक्षा घ्यावी. १० मीटरवर १ एमओए म्हणजे सुमारे २.९ मिलिमीटर, त्यामुळे एका क्लिकला १ एमओए धरल्यास २० क्लिकना ग्रुप ५८ मिलिमीटर सरकायला हवा. २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली आणि २० डावीकडे अशी फेरी करून प्रत्येक कोपऱ्यावर तीन छरे मारावेत. शेवटचा ग्रुप पहिल्यावरच आला पाहिजे. क्लिकचे माप थोडे कमीजास्त निघाले तर फारसे बिघडत नाही, पण साइट जागेवर परत येत नसेल तर तिच्यावर पुढे वेळ घालवू नये.

चष्मेवाला, रामबाग

माझा व्यवसाय चष्म्यांचा आहे आणि नेमबाजी मी रविवारपुरतीच करतो, म्हणून शेपटीच्या ठिपक्याबद्दलच बोलतो. मोबाइलचा कॅमेरा डोळ्याच्या जागी धरून ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत तो गोल आला तर दोष साइटचा नसून आपल्या डोळ्यातील सिलिंड्रिकल नंबरचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे सर्व दिशांना नजर सारखी नसण्याचा) आहे. दुसरी खूण अशी, की पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून साइट हळूहळू आडवी फिरवावी. शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा आणि ती होती त्याच दिशेला राहिली तर डोळ्याचा. बऱ्याच जणांनी चांगल्या साइट याच गैरसमजापायी विकून टाकल्याचे मी पाहिले आहे. ठिपक्याचा प्रकाशही कमी करून पाहा, कारण मंद उजेडाच्या रेंजवर ठिपका प्रखर ठेवला की कोणालाही तो फुलल्यासारखा दिसतो.

काचेतून समोरचे किंचित निळसर दिसत असेल तर त्याची काळजी करू नये. लाल प्रकाश परावर्तित करणाऱ्या लेपाचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

पॅरलॅक्स, वडोदरा

ग्रुप पसरण्याबद्दल एक मुद्दा राहून गेला आहे आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. ‘पॅरलॅक्स नाही’ (म्हणजे डोळा बाजूला सरकला तरी नेम सरकत नाही) ही जाहिरात १० मीटरवर खरी ठरत नाही. ठिपका अनंत अंतरावर जुळवलेला असेल तर त्याचे किरण अक्षाला समांतर येतात, म्हणून डोळा अक्षापासून जितका बाजूला जाईल तितकाच नेमही बाजूला जातो, मग टार्गेट किती दूर आहे याला महत्त्व नाही. ५० मीटरवर ८ मिलिमीटरची चूक कोणाच्या ध्यानात येणार नाही, कारण तिथले १० गुणांचे वर्तुळच ५० मिलिमीटर व्यासाचे असते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर मात्र ते वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे आहे आणि पुढची वर्तुळे ८ मिलिमीटरच्या अंतराने आहेत. म्हणजे डोळा ८ मिलिमीटर सरकला की एक वर्तुळ हातचे गेले. आपल्या ३३ मिलिमीटर रुंद काचेत ठिपका कडेला असतानाही ‘दिसतो आहे ना’ म्हणून ट्रिगर दाबला जातो, ही खरी अडचण आहे. किमती साइटही या भूमितीतून सुटत नाही. स्वस्त साइटमध्ये काचेच्या ओबडधोबड घडणीची चूक तिच्यात आणखी मिळते इतकेच.

उपाय म्हणून मी काचेच्या कडांवर काळी चिकटपट्टी लावून मधले १२ मिलिमीटर एवढेच उघडे ठेवले आहे. ठिपका त्या फटीच्या मध्यभागी दिसला तरच ट्रिगर.

ग्वाल्हेरचा जुना सदस्य

स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत ऑप्टिकल साइटला परवानगीच नाही, हे लक्षात ठेवावे. नेमबाजाने स्वतः चष्मा लावायला मात्र हरकत नाही. आपल्याच शेजारी महूला आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये सराव केलेल्या विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला २५ मीटर रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक मिळवले, ते साध्या साइटनेच. दूरच्या नंबरात अधिक ०.५० किंवा ०.७५ घालून नेमबाजीसाठी वेगळी काच करून घेतली तर माशी पुन्हा दिसू लागते. माझ्या वयाला, म्हणजे ६४ ला, मी तसेच करतो. ठिपक्याचा थरकाप पाहत बसण्याची आणि तो मध्यावरून जाताना ट्रिगर हिसकण्याची सवय लागली, तर ती मोडायला महिने जातात.

तिलकनगरवासी, इंदूर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे. फोटोत ठिपका गोल आला. चष्मेवाल्यांचे म्हणणे खरे ठरले आणि जुन्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर अर्धवट धरलेला असल्याचे तपासणीत निघाले. अडॅप्टर काढून ११ मिलिमीटरची पकड बसवल्यापासून ग्रुप एका जागी राहतो आहे. चिकटपट्टी लावल्यावर तो १७ मिलिमीटरवर आला, आणि याचा मला सर्वांत अधिक अचंबा वाटला, कारण ग्रुप पसरतो त्याचा सगळा दोष मी साइटवर टाकून मोकळा झालो होतो.

चौकोनाच्या परीक्षेत डावे-उजवे व्यवस्थित परत आले, पण वर-खाली करणारा स्क्रू चार-पाच क्लिक गप्प राहून एकदम उडी मारतो. त्यामुळे मी सहा क्लिक जास्त खाली जातो आणि दरवेळी स्प्रिंग दाबली जाईल त्याच दिशेने वर येऊन थांबतो. अधिक ०.५० ची काच करायला टाकली आहे. ती आल्यावर त्याच वाळूच्या पिशवीवर साध्या साइटचा आणि रेड डॉटचा प्रत्येकी दहा-दहा ग्रुप मारून त्यांची मापे येथे देईन.