जॉर्जिया अ‍ॅक्वेरियम: जाड अ‍ॅक्रिलिकमधून फोटो कसे काढायचे?

मदत हवी आहे. अटलांटाच्या या मत्स्यालयातल्या ‘ओशन व्हॉयेजर’ टाकीची मोठी अ‍ॅक्रिलिकची (पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी ६१ फूट रुंद, २३ फूट उंच आणि तब्बल २ फूट जाड आहे. कॅमेरा तिरका धरला की कडांना रंग फुटतात, म्हणून लेन्स काटकोनात, रबरी हूड (लेन्सपुढचं कडं) खिडकीला टेकवून आणि फ्लॅश बंद. इथवर ठीक. अडचण उजेडाची आहे. व्हेल शार्क संथ, त्याला १/१२५ सेकंदाचा शटर-वेग पुरतो. पण मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेला चपटा मासा) पंख मारतो, वेग १/२५०च्या खाली गेला की टोकं पुसट होतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवला की फोटोत दाणे येतात, पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला तर उलट दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एफ २.८ची ३५ मिमी लेन्स घ्यावी की एफ १.८ची २४ मिमी (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त)? आणि टाकीतून जाणाऱ्या बोगद्यातल्या वक्र अ‍ॅक्रिलिकचा नाद सोडलेलाच बरा का?