मदत हवी आहे : जर्मनीचा झेंडा, 1990 की 1991? तातडीचं!

खारीचा_वाटा :
मुलीच्या तक्त्यावर एका जर्मन धावपटूच्या 1990 च्या पदकांपुढे एक झेंडा आणि 1991 च्या पदकांपुढे दुसरा लावलाय. बाईंनी पहिल्यावर लाल फुली मारून परत पाठवला. म्हणे, बर्लिनची भिंत 1989 मध्येच पडली. तक्ता उद्या सकाळी द्यायचाय. कोणता झेंडा बरोबर? गुगल करा असं सांगू नका, तेच करून इथे आलेय.

तिरपागडा :
कसला तक्ता? कोणाची पदकं?

दिवेलागण :
जर्मनी आणि धावणं म्हणजे मरीटा कॉखच. 400 मीटरचा जागतिक विक्रम, 47.60 सेकंद, कॅनबेरा, 1985. 2025 ला टोकियोत सिडनी मॅकलॉक्लिन-लेव्हरोन 47.78 पर्यंत आली, पण विक्रम काही मोडला नाही. कॉख 1987 ला निवृत्त झाली, त्यामुळे झेंडा पूर्व जर्मनीचाच. प्रश्न मिटला.

खारीचा_वाटा :
अहो, 1987 ला निवृत्त झालेली बाई 1990 ला पदकं कशी घेईल? वर वाचा तरी!

तिरपागडा :
मग नाव लिहा की. आम्ही काय पत्रिका मांडून ओळखायचं?

खारीचा_वाटा :
कात्रिन क्राबे. मला वाटलं, सालांवरून कळेल.

माणदेशी :
एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिचा तक्ता करा. एकच तिरंगा, वाद नाही.

खारीचा_वाटा :
दादा, खेळाडू चिठ्ठ्या टाकून वाटलेत. बदलून मिळत नाही.

जुना_खेळिया :
तक्ता बरोबर आहे, फुली चूक. भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला पडली, पण त्या दिवशी देश एक झाला नाही. पूर्व आणि पश्चिम जर्मनीचं एकीकरण 3 ऑक्टोबर 1990 चं. युरोपियन अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी स्प्लिटला झाली (तेव्हाचा युगोस्लाव्हिया, तोही पुढे फुटला). तिथे पूर्व जर्मनीचा वेगळा संघ उतरला होता, अखेरचा. क्राबे पूर्व जर्मनीतल्या नॉयब्रांडेनबुर्गची, वय वीस. 100 मीटर 10.89, 200 मीटर 21.95, शिवाय 4×100 रिले, तिन्ही सुवर्ण. पुढच्या वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तीच मुलगी एकत्रित जर्मनीकडून धावली. 100 मध्ये 10.99, 200 मध्ये 22.09, दोन्हीकडे ग्वेन टॉरेन्स आणि मर्लिन ऑटी मागे. दोन्ही रिलेत कांस्य. म्हणून 1990 ला हातोडा, कर्कटक आणि ओंब्यांच्या कड्याचा झेंडा, 1991 ला साधा काळा-लाल-सोनेरी. बाईंना फक्त 3 ऑक्टोबर ही तारीख दाखवा.

दिवेलागण :
हे सगळं ठीक, पण खरी गोष्ट कोणी बोलत नाही. 1992 ला ती क्लेनब्युटेरॉल हे खेळाडूंना बंदी असलेलं औषध घेताना सापडली. असल्या खेळाडूचा शाळेत तक्ता कशाला?

जुना_खेळिया :
तुम्ही मघाशी कॉखला अगदी डोक्यावर घेतलं होतं, म्हणून विचारतो. पूर्व जर्मन सरकारच्या डोपिंग योजनेची (खेळाडूंना उत्तेजकं देण्याची) कागदपत्रं 1991 नंतर छापून आली, त्यात कॉखचंही नाव आहे. ती चाचणीत कधी सापडली नाही, एवढंच. क्राबे सापडली.

दिवेलागण :
सापडणं आणि नाव असणं यात फरक असतो.

जुना_खेळिया :
असतोच. मग तोच न्याय क्राबेलाही लावा. 1992 च्या सुरुवातीला तिचा आणि संघातल्या ग्रिट ब्रॉयर, सिल्के म्योलर यांचा लघवीचा नमुना एकसारखा निघाला, म्हणजे फसवणुकीचा संशय. तिघींवर बंदी आली आणि ती प्रक्रियेतल्या त्रुटींवर उठली. उन्हाळ्यात क्लेनब्युटेरॉल सापडलं, तेव्हा मात्र बार्सिलोना ऑलिंपिक हुकलं. जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने बंदी आणखी वाढवली. ती परत ट्रॅकवर आलीच नाही, पण म्युनिकच्या न्यायालयात महासंघाविरुद्ध नुकसानभरपाई जिंकली. 1991 ची पदकं आजही तिच्याच नावावर आहेत. बावीसाव्या वर्षी कारकीर्द संपली, हे मला जास्त लागतं.

तिरपागडा :
म्हणजे पूर्व जर्मनीत घडली, पश्चिमेच्या महासंघात अडकली.

दिवेलागण :
तसं म्हणून सगळ्यांनाच सोडून द्यायचं का मग?

लाल_माती :
विषयांतर होतंय, पण विचारतो. मुलगा 200 मीटर पळतो, बारा वर्षांचा. स्पाइक्स आत्ता घ्यावेत का? मैदान मातीचं आहे.

माणदेशी :
मातीत आणि एवढ्या लहान वयात नकोत. साधे बूट, नाहीतर अनवाणी. आमच्याकडे सगळे असेच पळाले.

लाल_माती :
अनवाणी नको हो, मैदानात काचा आहेत.

खारीचा_वाटा :
झेंड्याचं कळलं, जुना_खेळिया, आभार. दोन्ही ठेवते आणि खाली 3 ऑक्टोबर 1990 लिहिते. आता पुढचं. 1992 चं लिहायचं का नाही?

तिरपागडा :
मुलगी कितवीत आहे, ते अजून सांगितलंच नाहीत.

खारीचा_वाटा :
सातवी.

जुना_खेळिया :
मग लिहा. दोन ओळी. बंदी आली आणि पदकं राहिली, दोन्ही. मुलं विचारतीलच.

दिवेलागण :
आणि क्लेनब्युटेरॉल दम्याच्या औषधात असतं, हेही लिहा. नाहीतर वर्गातली दम्याची मुलं घाबरायची.

खारीचा_वाटा :
तक्त्यात जागा दोनच ओळींची आहे!