शयनगृहातला एकांत आणि घरातली मांजरी: सल्ला हवा आहे

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार. विषय संकोचाचा आहे. पण मांजर पाळणाऱ्या बऱ्याच जोडप्यांना ही अडचण येत असणार, म्हणून मोकळेपणाने लिहीत आहे.

माझी मनी सहा वर्षांची आहे. लग्नाआधीची साडेचार वर्षे घरात आम्ही दोघीच होतो आणि ती रोज रात्री माझ्या पायाशी झोपत असे. आता लग्नाला दीड वर्ष झाले आहे. मी आणि माझे पती एकमेकांच्या जवळ आलो, की ती कपाटावर चढते, शेपटी पुढच्या पंजांभोवती गुंडाळून बसते आणि एकटक पाहत राहते. दिव्याच्या उजेडात तिचे डोळे हिरवे चमकतात. थोड्या वेळाने ती खाली उतरते, दबा धरते आणि पांघरुणाखाली हलणाऱ्या पायावर झडप घालते. गेल्या महिन्यात पतींच्या अंगठ्याला तिचे दात लागले. दार लावून घेतले, तर ती दाराखालच्या फटीतून पंजा आत घालून पायपुसणे ओढते आणि असा काही आकांत करते की पंधरा-वीस मिनिटांनी आमच्यापैकी कोणीतरी उठून दार उघडतेच.

पतींना मनी आवडते. तिचा शी-शूचा ट्रे ते रोज स्वतः साफ करतात. पण परवा ते म्हणाले, "आपल्या दोघांत कायम तिसरे कोणीतरी असते," आणि ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या बाजूने, इतकी वर्षे जवळ झोपवलेल्या जिवाला अचानक दाराबाहेर ठेवणे मला निर्दयपणाचे वाटते. कोणी या अवस्थेतून गेले असल्यास कृपया सांगावे.

पांथस्थ

दार लावा आणि उघडू नका. आमची चार रात्री ओरडली, पाचव्या रात्री गप्प झाली. यापेक्षा जास्त मला काही करावे लागले नाही.

दोन बोके

वरील प्रतिसाद चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. नुसते दार लावून काही मांजरे गप्प होतात, काही आजारी पडतात. मी दोन बोक्यांसोबत बारा वर्षे राहिलो आहे आणि पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ सगळ्या चुका केल्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम, मनी मत्सराने असे करते हा विचार मनातून काढून टाका. पांघरुणाखालची हालचाल हे तिच्या दृष्टीने गवतात दडलेल्या उंदराचे चित्र आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे. त्यामुळे चादरीची जी सळसळ आपल्या लक्षातही येत नाही, ती तिला शिकारीची चाहूल वाटते. त्यात भर म्हणजे वेळ. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपते आणि पहाटे व संध्याकाळी सर्वांत जास्त चपळ असते. तुम्ही दिवसभर बाहेर राहून रात्री खोलीत जाता, तेव्हा तिची झोप पुरी झालेली असते आणि दिवसभरातली पहिली रंजक हालचाल तिला तुमच्या पलंगावर दिसते. शिवाय पलंग ही घरातली सर्वांत उबदार जागा असते, आणि गाल व पंजे घासून तिने तिथे आपला गंध वर्षानुवर्षे लावलेला असतो. तुमच्या लेखी ते तुमचे शयनगृह आहे, तिच्या लेखी तो तिच्या हद्दीचा मध्य आहे.

आता दाराविषयी. वीस मिनिटे ओरडल्यावर दार उघडते, हे तिला तुम्हीच शिकवले आहे. वर्तनशास्त्रातला हा फार जुना धडा आहे: जे बक्षीस कधी मिळते आणि कधी मिळत नाही, त्याच्यासाठीचा हट्ट सर्वांत चिवट असतो. म्हणून आजपासून दार उघडणे बंद केलेत, तर पहिले काही दिवस आकांत वाढेल हे गृहीत धरा. वाढलेला आकांत ही जुनी युक्ती निकामी होत असल्याची खूण असते, आणि नेमके तेव्हाच दार उघडले, तर अधिक मोठ्याने ओरडायला हवे एवढेच ती शिकते.

माझ्या मते खरा उपाय मात्र दार लावण्याच्या आधीच्या तासात आहे. मांजराचा स्वाभाविक क्रम ठरलेला असतो: शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप. तो क्रम तुम्ही घडवून आणा. काठीला दोरी व पीस बांधलेले खेळणे घ्या आणि दहा-पंधरा मिनिटे तिला मनापासून पळवा. पीस तिच्या तोंडासमोर नाचवू नका. ते तिच्यापासून दूर, कोपऱ्याआड, गालिच्याखाली पळू द्या, कारण सावज कधी शिकाऱ्याच्या अंगावर चालून येत नाही. शेवटी तिला ते पकडू द्या. लेझरच्या ठिपक्यावर खेळ संपवू नये. हाती काहीच लागत नसल्यामुळे ती अस्वस्थच राहते. खेळ संपताच दिवसाच्या मोजलेल्या आहारातला राखून ठेवलेला शेवटचा वाटा तिला द्या. मग थांबा. ती खाईल, मिशा पुसेल, छाती चाटेल, आणि एक मागचा पाय सरळ वर उभारून मांडी चाटायला बसेल. तो पाय वर गेला, की तुमची वेळ सुरू झाली असे समजावे.

हा खेळ आणि हे खाणे तुमच्या पतींच्या हातून व्हावे, असे मी आग्रहाने सुचवतो. सध्या तिच्या दृष्टीने ते आले की तिची जागा जाते. रात्रीची सर्वांत आनंदाची गोष्ट त्यांच्याच हातून मिळू लागली, तर तेच नाते पालटते.

दाराबाहेर तिला पुरेसे काही असले पाहिजे. अमेरिकन असोसिएशन ऑफ फीलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फीलाइन मेडिसिन या पशुवैद्यकांच्या दोन संस्थांनी २०१३ साली मांजराच्या परिसराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या पाच आधारांपैकी पहिला सुरक्षित जागेचा आहे, तर पाचवा तिच्या घ्राणेंद्रियाचा मान राखण्याचा. म्हणजे बाहेरच्या खोलीत एक उंच बैठक, पाणी आणि ट्रे असावा, आणि बैठकीवर तुम्ही वापरलेला, न धुतलेला एखादा कपडा अंथरावा. ट्रे सध्या शयनगृहात असेल, तर दार लावण्याचा विचार करण्याआधी तो बाहेर हलवा.

दाराचा सराव दिवसा करा. पाच मिनिटे बंद, मग उघडे. दुसऱ्या दिवशी दहा. उघडताना ती क्षणभर गप्प होण्याची वाट पाहा, ओरडत असताना उघडू नका. एकांत संपल्यावर तिला खुशाल आत घ्या आणि पूर्वीसारखी पायाशी झोपू द्या. तिची झोपायची जागा हिरावून घेण्याची गरज नाही. दार लागते आणि पुन्हा उघडते, एवढेच तिला कळायला हवे.

पाण्याचा फवारा, उशी फेकणे, ओरडणे यांतले काहीही करू नये. त्यातून ती तुम्हाला घाबरायला शिकते, दुसरे काही शिकत नाही.

शांतनिवास

आमच्याकडे आतल्या खोलीला दारच नाही, त्यामुळे वेगळा मार्ग शोधावा लागला. खेळ आणि खाणे हा क्रम आम्हीही पाळतो. त्यानंतर तिच्या उंच बैठकीवर खाऊ दडवलेले कोड्याचे खेळणे ठेवतो, ज्यातून एकेक दाणा पंजाने काढण्यात तिची वीस मिनिटे जातात. पातळ चादरीऐवजी जड पांघरूण घेतल्यापासून पायांवरच्या झडपाही थांबल्या, कारण त्याखालची हालचाल बाहेर उमटत नाही. ती पलंगावर आलीच, तर तिला ढकलत नाही, तिच्याशी बोलत नाही, तिच्याकडे पाहतही नाही. रागाचे का होईना, लक्ष मिळाले की ती पुन्हा येते.

दिवा मालवून तिची नजर टाळता येईल असे काहींना वाटते. मांजराला पाहण्यासाठी माणसाच्या सुमारे एक षष्ठांश उजेड पुरतो, त्यामुळे अंधाराचा उपयोग आपल्यालाच होतो. मात्र तिच्या पाहण्यात निवाडा नसतो. खोलीत जे हलते त्याकडे ती पाहते. पंखा हलला तर पंख्याकडे पाहील. हे उमजल्यावर माझ्या पत्नीचा संकोच बराच कमी झाला.

ऋतुरंग

एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही, आणि मला तिची काळजी वाटते. अशा वेळी खोलीत ज्या वस्तू असतात, त्यांतल्या काही मांजराला घातक ठरतात. लिलीची फुले खोलीत नकोतच. पराग अंगावर सांडून चाटले गेले, किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सुगंधी तेलांपैकी टी ट्री तेल विशेष वाईट, कारण असे घटक विघटित करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. पेटती मेणबत्ती आणि मांजराची शेपटी एका खोलीत असू नयेत. फिती, केसांची रबरे आणि रबराच्या इतर वस्तू वापरल्यावर लगेच झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. गिळल्या गेल्यास त्या आतड्यात अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

दोघांपैकी कोणी अंगाला संप्रेरकाचे जेल किंवा डोक्याला केस वाढवण्याचे मिनॉक्सिडिल हे औषध लावत असेल, तर ती त्वचा तिला चाटू देऊ नका आणि ती उशीही तिच्यापासून दूर ठेवा. मिनॉक्सिडिलची अगदी थोडी मात्रा मांजराच्या जिवावर बेतू शकते.

आणि अंगठ्याला दात लागले, हे किरकोळ समजू नका. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि जखम वरून लहान दिसते. ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर प्रयत्न करून लिहीत आहे. खेळ पतींच्या हातून चालू आहे आणि त्यात ती रमते. चौथ्या रात्री आकांत खरोखर वाढला. आम्ही हात धरून बसून राहिलो, पण दार उघडले नाही. सहाव्या दिवशी मात्र तिने पतींच्या उशीवर लघवी केली. ते काही बोलले नाहीत, पण त्यांना लागले. मलाही वाटू लागले आहे की ती आम्हाला शिक्षा करत आहे. आता सगळे थांबवू का?

दोन बोके

शिक्षा, सूड या कल्पना तिच्याकडे नाहीत. दाराचा सराव आज थांबवा आणि तिला पशुवैद्याकडे न्या. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, तिच्यात जंतुसंसर्ग असतोच असे नाही, आणि दुखते तेव्हा मांजरे ट्रे टाळून मऊ, ओळखीच्या गंधाची जागा शोधतात. ती वारंवार ट्रेमध्ये बसत असेल आणि थोडीच लघवी होत असेल, तर उद्यावर ढकलू नका. हे वाचणाऱ्या बोकेवाल्यांसाठी: बोक्याची लघवी अडली तर ती तातडीची अवस्था असते, रात्र असली तरी निघावे. उशीला गंधविघटक एन्झाइमचा द्रव वापरा, नाहीतर तो गंध तिला पुन्हा तिथेच बोलावील.

आणि तुमच्या मनातल्या अपराधी भावनेविषयी एक सांगतो. २०१९ साली ओरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी मांजराच्या पिल्लांना आपापल्या माणसासोबत दोन मिनिटे, मग एकटे दोन मिनिटे, मग पुन्हा माणसासोबत दोन मिनिटे ठेवून पाहिले. सुमारे ६४ टक्के पिल्ले माणूस परतल्यावर निवांत होऊन पुन्हा आजूबाजूचा शोध घेऊ लागली. तुमच्या दोघींचे नाते असेच भक्कम असेल, तर दाराआडचा अर्धा तास ते मोडणार नाही. पण तिची तब्येत आधी.

निशिगंध

महिन्याभराने लिहीत आहे. मूत्राशयाला सूज होती, जंतुसंसर्ग नव्हता. वेदनाशामक औषध दिले गेले, आहार ओला केला, ट्रे एकाचे दोन केले आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने दहा दिवस दार उघडेच ठेवले. त्या दिवसांत आम्ही दोघांनी आमच्या वेळेचा हट्टही सोडला, आणि त्या विश्रांतीचा उपयोग मनीपेक्षा आम्हालाच अधिक झाला असावा. नंतर सराव पहिल्यापासून सुरू केला, दिवसा, दोन मिनिटांपासून.

बाहेरच्या बैठकीवर मी माझा कपडा अंथरला होता, तिने तो हुंगून सोडून दिला. एके दिवशी पतींचा जुना स्वेटर चुकून तिथे राहिला आणि ती त्यात जाऊन बसली. तेव्हापासून तो तिथेच आहे.

काल रात्री खेळ झाला, खाणे झाले, मागचा पाय वर गेला. आम्ही दार लावले. दोनेक मिनिटे फटीत पंजा दिसला, मग नाहीसा झाला. बऱ्याच वेळाने मी दार उघडून तिला हाक मारली, तेव्हा ती स्वेटरवर अंगाचे वेटोळे करून झोपली होती. एक कान तेवढा आमच्या दिशेला वळला, पण ती उठली नाही.