मुलांच्या वॉर्डातच राहावंसं वाटतंय. खरं आहे की चार आठवड्यांचं वेड?

तिसरं_वर्ष
नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला पहिल्यापासून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये जायचं होतं. पेशंट झोपलेला, नातेवाईक दाराबाहेर, सगळं शांत. लहान मुलांची तर भीतीच वाटायची. घरात मीच शेंडेफळ, बाळ कसं उचलतात तेही धड माहीत नव्हतं. पीडियाट्रिकचं, म्हणजे मुलांच्या वॉर्डातलं चार आठवड्यांचं पोस्टिंग लागलं तेव्हा कोणी अदलाबदल करतंय का, हेही विचारून झालं होतं.

पहिल्या आठवड्यात केअर प्लॅनसाठी न्यूमोनियाचा चार वर्षांचा मुलगा मिळाला. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, तेही मूल शांत असताना. एक डोळा घड्याळावर, एक त्याच्या पोटावर. त्याने विचारलं, काय करतेस? म्हटलं, मोजतेय. मग तोही मोठ्याने मोजायला लागला. अकरा, बारा, तेरा, पंधरा. चौदा दर वेळी गायब. माझा आकडा तीनदा चुकला. चौथ्यांदा आला ४६. या वयात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद, हे पाठ होतं. पण श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो म्हणजे काय, ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. धावत जाऊन सिस्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला. पाचव्या दिवशी श्वास २८ आणि मोजणीत चौदाही आला. (आईने शिकवला, मी नाही.)

मुलं गोड असतात म्हणून हे लिहीत नाहीये. निम्मी तर मला बघताच भोकाड पसरतात. पण मोठा पेशंट सांगतो कुठे दुखतंय ते. इथे आपल्याला शोधावं लागतं. त्या शोधण्याची मला चटक लागलीय.

अडचण अशी. काल दहा महिन्यांच्या बाळाला कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) लावताना हात धरायचं काम माझ्याकडे आलं. तीनदा टोचलं. बाळ सगळा वेळ माझ्याकडे बघून रडत होतं, टोचणाऱ्याकडे नाही. नंतर मी लिननच्या खोलीत जाऊन रडले. मग मी या कामाची नाहीच का?

रात्रपाळी
अकरा वर्षं याच वॉर्डात आहे. लिननच्या खोलीत माझाही एक कोपरा ठरलेला होता.

बाळ जोरात रडतंय तोवर मला फारशी काळजी नसते. गप्प पडून राहिलेलं, सुई टोचली तरी हात न ओढणारं मूल दिसलं की पोटात गोळा येतो. मुलांचं शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि मग एकदम कोसळतं. तोवर नाडी, श्वास, हातापायांचा गारवा हेच बोलतात. तुझी ती चटक इथेच कामाला येते.

आता कॅन्युला. बाळाला आडवं दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर, तिच्या छातीशी धरलेलं बरं. जमेल तिथे वेगळ्या खोलीत करायचं, त्याच्या पलंगावर नाही. पलंग त्याच्यासाठी सुरक्षित जागा राहू दे. अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजता पाजता टोचलेलं कमी दुखतं. दोनदा जमलं नाही की दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचं, यात कमीपणा कसला! आणि कळत्या मुलाला "दुखणार नाही" असं चुकूनही सांगू नकोस. एकदा खोटं पकडलं की तो परत हात देत नाही.

ड्रिपसेट
माया वगैरे ठीक, गणित कसं आहे ते सांग. इथे प्रत्येक डोस किलोवर. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दसपट औषध. ०.५ लिहिताना आधीचं शून्य सोडायचं नाही, आणि ५ ला ५.० करायचं नाही. मायक्रोड्रिपमध्ये (बारीक थेंबांच्या सलाईनच्या सेटमध्ये) १ एमएलला ६० थेंब, म्हणजे मिनिटाचे थेंब तेवढेच तासाचे एमएल. यात मजा येत असेल तर ये.

वॉर्ड_बदललेली
मी उलटं सांगते. मी दोन वर्षांनी सोडलं. मुलांमुळे नाही, आईबापांमुळे. रात्री दोनला तोच प्रश्न सहाव्यांदा विचारणाऱ्या बापाला सातव्यांदाही नीट उत्तर द्यावं लागतं, कारण तो घाबरलेला असतो. मला ते जमेना. आता मोठ्यांच्या मेडिसिन वॉर्डात आहे, सुखात आहे. उरलेल्या दिवसांत मुलांपेक्षा पालकांशी बोलून बघ, मग ठरव.

तिसरं_वर्ष
आज त्याच बाळाकडे गेले. मला बघताच ओठ बाहेर आले. म्हणून त्याच्याकडे बघितलंच नाही, आईशी बोलत बसले. ती म्हणाली, काल तुम्हीही रडलात ना, डोळ्यांवरून कळलं. काय बोलावं सुचेना. तेवढ्यात बाळाने माझं ओळखपत्र ओढून तोंडात घातलं. थेंब मोजले: मिनिटाला २०, म्हणजे तासाला २० एमएल. ऑर्डरशी जुळलं. बरोबर ना, ड्रिपसेटदादा?

ड्रिपसेट
मायक्रोड्रिप असेल तर बरोबर. सेट तपासलास ना? आणि ते ओळखपत्र पुसून घे.